ओळखीचा शिक्का

वर्षाली सिरसाटचा काळा कोट दोन साइज मोठा होता. बापानं मुद्दाम तसा शिवून घेतला. "वकिली वाढन तशी पोट्टीही भरन," असं त्यानं टेलरले सांगतलं. पोट्टी काही भरली नाई. कोट तेवढा तिच्या दोन पावलं पुढं चाले, अन् कोर्टाच्या आवारातले लोक आधी कोटाले नमस्कार करत, मंग आत कोणी हाये का ते पाहत.

बाप देवानंद बार्शीटाकळीच्या शाळेत शिपाई. तीस वर्षं त्यानं घंटा वाजवली. घरात वकील झालेली पहिली हीच, म्हणून सनद आली त्या दिवशी त्यानं बाबासाहेबांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली, सनद ठेवली अन् बाजूले एक लहानशी डबी ठेवली. डबीत रबरी शिक्का. 'अॅड. वर्षाली देवानंद सिरसाट', खाली सनदेचा नंबर. अकोल्याहून गुपचूप करून आणला होता. "वकिलाले शिक्का लागतेच," म्हणे. कोण्या कागदावर माराचा, हे ना बापाले माईत, ना लेकीले. पहिला शिक्का तिनं आपल्या तळहातावरच मारून पायला. दोन दिवस गेला नाई.

शिकली होती अमरावतीले, म्हणून नोकरी आधी तिथंच पायली. एका वकिलानं म्हटलं, "शिकाले येता ना तुमी? मंग खरं तं तुमीच मले फी द्या." दुसऱ्यानं महिन्याचे दोन हजार सांगतले अन् वरून विचारलं, "स्कूटी हाये ना? पेट्रोल तुमचं." पाच वर्षं पुस्तकं घोकलेल्या पोट्टीले दोन हजार! त्याच ऑफिसच्या खाली गिला वडा तळणारा गडी बारा हजार घेऊन राहिला होता, जेवण वेगळं. वर्षालीनं तिथं उभ्यानं दोन प्लेटा खाल्ल्या अन् त्याच्याकडं अशा नजरेनं पायलं, की बिचाऱ्यानं तिसरी तशीच देल्ली.

मंग अकोल्याचे गजेंद्रसर भेटले. कोर्टासमोरच्या गल्लीत दोन खोल्या, एक कूलर, एक मुनशी. सरचा आवाज इतका गोड, की ऐकणाऱ्यानं शुगर तपासून घ्यावी.

"बेटा, सहा हजार देईन. कमी आहेत, माहीत आहे मला. पण काम हलकं, बसल्या जागेवर. आणि वरून प्रत्येक ओळखीचे पन्नास."

"ओळखीचे म्हणजे, सर?"

"कळेल."

कळलं. अॅफिडेव्हिट कराले आलेला माणूस खरंच तोच हाये, हे नोटरीले कसं समजावं? म्हणून खाली एक वकील लिहून देते, की या माणसाले मी स्वतः ओळखतो. त्याच्याखाली वकिलाची सही अन् शिक्का. झालं. पहिल्या दिवशी वर्षालीनं नऊ जणांले ओळखलं. पहिल्या माणसाले तर तिनं समोर बसवून गाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, लेकरं किती ते विचारलं. तो घामाघूम झाला. "म्याडम, मले फक्त आधारातलं नाव दुरुस्त कराचं हाये. सोयरीक नाई कराची."

पुढच्या महिन्यात माणसं येणं कमी झालं अन् नुसते कागद येऊ लागले. अंगठा आधीच उमटलेला.

"पार्टी बाहेर ऑटोत बसली आहे, बेटा. म्हातारं माणूस, गुडघे दुखतात."

एवढे गुडघे खरंच दुखत असते, तं अकोल्याच्या हाडाच्या डॉक्टरांनी बंगल्यावर बंगले बांधले असते. एक दिवस वर्षालीनं सही करून झाल्यावर खिडकीतून वाकून पायलं. बाहेर ऑटो उभा होता. ऑटोत कोणीच नव्हतं.

तिनं स्वतःले सांगतलं, उतरून गेले असतीन. माणूस स्वतःले काय काय सांगते!

शिक्का संध्याकाळी घरी नेऊ नये, असं सरनंच सांगतलं. "हरवला तर पंचाईत. देवरावच्या ड्रॉवरमध्ये राहू दे." देवराव म्हणजे मुनशी. साठी उलटलेला, दोन बोटांनं टाइप करणारा, अन् दिवसाचे दोनच वाक्य बोलणारा माणूस. वर्षालीनं बापाची डबी त्याच्या हवाली केली. बसचे धक्के खात रोज बार्शीटाकळीहून येणं-जाणं, तिलेही तेच बरं वाटलं. चूक झाली ती इथंच.

एका दुपारी देवराव जेवाले गेला असताना तिनं स्वतःच ड्रॉवर उघडला. तिच्या डबीच्या मागं रबर बांधलेले चार शिक्के पडले होते. अॅड. ललित अमुक, अॅड. नीलम तमुक, अन् आणखी दोन. रबराची अक्षरं झिजून गुळगुळीत झालेले. एवढं झिजाले किती कागद लागले असतीन, याचा हिशेब तिनं केला नाई. करावासाच वाटला नाई. तेवढ्यात देवराव रिकामा डबा घेऊन परतला.

"देवरावभाऊ, हे कोणाचे?"

"आधीच्या पोट्ट्यायचे."

"शिक्के इथंच सोडून गेले?"

देवरावनं डबा खाली ठेवला. "म्याडम, इथून जो जाते ना, तो शिक्का मागाले येत नाई." अन् गुडघ्यानं ड्रॉवर लोटून देल्ला. त्या दिवसाचे त्याचे दोन्ही वाक्य संपले होते.

चवथ्या महिन्यात सरनं न मागता पगार दहा हजार केला. वरून पेढ्याचा डबा. बाप फोनवर इतका हसला, की त्याले ठसका लागला. वर्षालीही खूश. पण पेढा देवरावपुढं केला तवा त्यानं घेतला नाई. कंदुरीले कापाच्या आधी बोकडाले हिरवा पाला टाकतात, तवा जाणतं माणूस बोकडाकडं जसं पायते, तसा तो तिच्याकडं पाहत राहिला.

दुसऱ्या दिवशी तो कागद आला.

मैनाबाई किसनराव उंबरकर, राहणार बार्शीटाकळी. नवरा वारला, वारसात माझं नाव लावू नये, नदीकाठची तीन एकर जमीन पुतण्या मनोज याच्या नावानं करावी, माझी काही हरकत नाही. खाली निळा, ठसठशीत अंगठा.

वर्षालीचा पेन थांबला.

ह्या मैनामावशीच्या टोपलीतून गाजर उचलत ती लहानाची मोठी झाली होती. माळ्याची बाई, बाजारात मेथी-सांबाराच्या हिरव्या जुड्या घेऊन बसणारी, जिभेनं तिखट. वर्षालीची माय शाळेच्या खोलीत बायकांचा साक्षरता वर्ग घेत असे, देवानंद त्याचीही घंटा वाजवे, अन् मैनाबाई एका हिवाळ्यात आपलं नाव लिहाले शिकली. तवापासून तिनं कुठंच अंगठा देल्ला नाई. बँकेतल्या पोट्ट्यानं शाईचं पॅड पुढं केलं, तं म्हणे, "ते तुह्या गालाले लाव, नजर नाई लागणार. मले पेन दे." सही कराले तिले पाच मिनिटं लागत, मागं रांग ओरडे. नवरा किसनराव दवाखान्यात वारला तवासुद्धा, डोळ्याले पदर लावून, तिनं पेनच मागितला होता. ते वर्षालीनं स्वतः पायलं होतं.

चार महिन्यांत चारशेवर अनोळखी माणसं ओळखून झाली होती. आता पहिल्यांदा ओळखीचं माणूस आलं, अन् सही होईना.

ती कागद घेऊन आतल्या खोलीत गेली. "सर, ह्या बाईंना मी ओळखते."

"अरे वा! म्हणजे पहिल्यांदा खरी सही होणार तुझी!" सर मनापासून हसले.

"ह्या अंगठा देत नाहीत, सर. सही करतात."

हसणं थांबलं. कूलरची घरघर तेवढी राहिली. सरनं टेबलाखालून एक रजिस्टर काढलं अन् सावकाश, लेकराले चित्रं दाखवावी तसं, एक-एक पान दाखवलं. "हे बघ, बेटा. हा जूनमधला माणूस. मार्चमध्ये वारलेला. तू त्याला ओळखलंस. ही बाई. हीसुद्धा नाही या जगात. आणि हा दिवस बघ, त्या दिवशी तू रजेवर होतीस, तरी शिक्का तुझाच. आता मला ह्यात कुठं माझं नाव दाखव."

वर्षालीनं पानं उलटून पायली, सगळीकडं तिचाच शिक्का.

"उद्या चार वाजता मनोज येणार आहे. सावकाश कर." मंग तिच्या बाह्यांकडं पाहून सर म्हणाले, "कोट फार मोठा होतो तुला. छोटा करून घे."

संध्याकाळच्या बसनं ती सरळ मैनाबाईच्या दारात उतरली. मैनाबाई ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधून राहिली होती.

"ये वं वकीलीनबाई! काऊन तोंड पाडून राहिली? साक्षीदार पळाला का?"

"मावशी, तुमी कोण्या कागदावर अंगठा देल्ला का?"

"मी? अंगठा? तुह्या मायनं पाटीवर हात धरून शिकवलं मले. अंगठा देल्ला तं ती वरून खाली येऊन कानाखाली ठेवन." मंग जुडी बांधता बांधता हात थांबला. "मनोज आला होता. बँकेचं काही तरी हाये म्हने. आधार नेलं, फोटो नेला. काऊन वं?"

वर्षालीनं सांगतलं. सगळंच सांगतलं, ऑटोसकट.  मैनाबाई हळूच म्हणाली, "त्या कागदावर तुही सही झाली काय?"

"अजून नाई."

"अजून," मैनाबाई म्हणाली, अन् जुडीची गाठ आवळली.

रातभर पोट्टीनं एकच कागद लिहिला, स्वतःच्याच नावानं अॅफिडेव्हिट. कोणाकोणाले न पाहता ओळखलं, शिक्का कोणाच्या ड्रॉवरमंदी होता, मैनाबाईचा अंगठा कसा खोटा. हा कागद तहसीलीत गेला तं मैनाबाईची जमीन वाचन. पण तोच कागद सनद देणाऱ्यायच्या टेबलावर गेला, की सनद जाईन. बापाच्या तीस वर्षांच्या घंटेसकट. बाजूच्या खोलीत बाप घोरत होता. त्याले तिनं उठवलं नाई.

सकाळी ऑफिसात देवराव एकटा होता. तिनं ड्रॉवर उघडून आपली डबी घेतली. त्यानं अडवलं नाई. उलट रबर काढून नीलमचा शिक्का तिच्या हातात देल्ला अन् चिठ्ठीवर तिचा अमरावतीचा पत्ता लिहून देल्ला.

"हे काऊन, देवरावभाऊ?"

"लागन."

लागलाच. तिच्या अॅफिडेव्हिटवरही तिले ओळखणारा वकील पायजे होता ना! कोर्टाच्या आवारात रोज जिच्यासंगं कचोरी अर्धी करून खाई, त्या मैत्रिणीले घड्याळ दिसलं. एका काकांनी कागदाच्या पहिल्या चार ओळी वाचल्या, चष्मा काढला अन् म्हणाले, "तुमाले मी कुठं पायलं म्हणता, म्याडम?" तिसऱ्यानं कागद हातातही घेतला नाई. चार महिने जिनं अख्खा जिल्हा ओळखला, तिले ओळखणारं अकोल्यात कोणी निघालं नाई.

अकराची बस धरून ती अमरावतीले गेली. नीलम पिको-फॉलचं दुकान चालवत होती, मशीनवर हिरवी साडी पसरलेली. तिनं आधी कोट पायला.

"गजेंद्रसरची ना तू?"

"तुमाले कसं समजलं?"

"अशाच पोट्ट्या निवडते तो. कोट मोठा, पगार लहान." कागद वाचताना तिचा पाय मशीनवरून खाली आला. "माह्यापुढंही असाच एक कागद आला होता. मी सही केली. मंग दुसऱ्या दिवशी इकडं पळून आली. पाच वर्षं झाले, दारापुढं पोलिसाची गाडी थांबली, की सुई बोटात जाते."

"मंग नका करू, ताई. तुमचंही नाव येईन."

"आधार दाखव," नीलम म्हणाली. तिनं फोटो पायला, चेहरा पायला, परत फोटो पायला. "बापाचं नाव? गाव? काय करते बाप? ...थांब, नीट पाहू दे. मी कधी कोणाले पायलंच नाई."

बाजूच्याच इमारतीत नोटरी बसत. त्यायच्या समोर दोघींनी सह्या केल्या. नीलमचा झिजलेला शिक्का उमटला खरा, पण फिक्का. वर्षालीनं हात जोडून सांगतलं, "साहेब, रजिस्टरात वेळ टाका." साहेबांनी कपाळाले आठ्या घातल्या, पण टाकली. दोन वाजून चाळीस मिनिटं, अमरावती.

तेवढ्यात देवरावचा फोन आला. आवाज एकदम दबका.

"म्याडम, शिक्का तुमच्याजवळच हाये ना?"

"हाव. पर्समंदी."

"सरनं नवा करून आणला. अर्ध्या घंट्यात बनते तो. आता आत बसून कोऱ्या कागदावर तुमची सही गिरवून राहिले." देवराव थांबला. "पहिल्या दोन वाकड्या होत्या. आता मलेच फरक समजून नाई राहिला."

आज देवरावचे दोनाहून जास्त वाक्य झाले होते. फोन कटला, अन् हातातल्या हातात पुन्हा वाजला. आता सर.

"बेटा, कुठं आहेस? बरं, येऊ नकोस, राहू दे. मनोज लवकर आला. तुझी सही झाली."

नीलमनं तिच्या कोटाची बाही घट्ट धरून ठेवली होती. वर्षालीनं नोटरीच्या रजिस्टरातली ती ओळ पुन्हा वाचली. शाई अजून ओली होती.

"किती वाजता झाली, सर?"

"आत्ताच. काय झालं?"

"काही नाही, सर. माझीही आत्ताच झाली. इथं, अमरावतीत. नोटरीच्या रजिस्टरात वेळ टाकून."

 पलीकडून कूलरची घरघर तेवढी ऐकू येत राहिली, अन् सरनं फोनही ठेवला नाई.