डोकं खाली, बाबा

चकचकीत गाडीचा फोटो काढणं म्हणजे आरशाचा फोटो काढणं. समोरचा विजेचा खांब, चहाची टपरी, आभाळाचा तुकडा, ट्रायपॉडमागे वाकलेली मी, सगळं त्या रंगात उतरतं. गाडी जितकी महाग तितकी ही भानगड मोठी. उपाय एकच: गाडीच्या बाजूला काहीतरी पांढरं, कोरं, मोठं धरायचं, म्हणजे दारावर नुसता मऊ उजेड पडतो. मोठ्या शहरांत यासाठी सामान मिळतं, धरायला माणसं मिळतात. माझ्याकडे आईची डबलबेडची पांढरी चादर होती, आणि ती धरायला बाबा होते.

बाबा कामठीच्या एका शाळेत क्लार्क होते. नागपूर ते कामठी, रोज जाऊन येऊन, तीच एक जुनी टू-स्ट्रोक मोटारसायकल. ती त्यांनी मला दहावीच्या सुट्टीत शिकवली. नातेवाइकांनी विचारलंच, पोरीले काहून शिकवता म्हणून. बाबा म्हणाले, ''काहून म्हणजे? ब्रेक दाबाले तिले पाय नाहीत का?'' विषय संपला. पुढे पहिल्या पगारातून मी सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि पहिला फोटो काढला तो त्याच मोटारसायकलच्या इंजिनाचा. बाबांनी तो डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

''इंजिनचे फोटो काढून राहिली, कधी बापाचाही काढ ना वं.''

''काढीन ना. तुम्ही कुठं पळून चालले?'' मी म्हणाले.

गाड्या आणि फोटो हे दोन नाद एकत्र आले की रविवार आपला राहत नाही. ऑफिसचे सहा दिवस ढकलायचे आणि रविवारी उजाडायच्या आधी शहराबाहेर मिहानकडे निघायचं. तिथले रस्ते रुंद, नवे, आणि सकाळी कोणी नसतं. फोटो काढून घ्यायला कोणी आपली मोठी बाइक घेऊन यायचा, कोणी दोन दारांची बसकी स्पोर्ट्स कार. चालत्या गाडीचा फोटो हवा असला की मी बाबांच्या मागे उलटी बसायचे, तोंड मागच्या गाडीकडे, पाठ बाबांच्या पाठीला टेकवून. बाबा चाळीसच्या वेगानं असे चालवायचे की कॅमेरा हलत नसे. खड्डा आला की आधी त्यांची पाठ कडक व्हायची, मी श्वास धरायचे. बोलावं लागायचं नाही. आजही मला बाबा आठवतात ते आधी पाठीतून आठवतात.

उभ्या गाडीच्या वेळी मात्र आमचं दर वेळी वाजायचं. बाबा बुटके. चादर धरली की वरून त्यांचं डोकं दिसायचं, आणि फोटो कसा निघतोय हे पाहायची हौस दांडगी, त्यामुळे ते मुद्दाम अजून वर यायचं. दारात उमटलेली त्यांची बोटं नि पाय मी घरी कॉम्प्युटरवर पाच मिनिटांत पुसून टाकायचे. पण काचेवर आलेलं डोकं पुसायला तास जायचा. म्हणून मी ओरडायचे, ''डोकं खाली, बाबा!'' डोकं गुपचूप खाली जायचं. मागून आवाज यायचा, ''नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. एवढी लाखाची गाडी, पण आमच्या घरच्या चादरीशिवाय शोभत नाही.''

एकदा इतवारीतल्या एका व्यापाऱ्याचा मुलगा लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. आदल्याच दिवशी पूजा झालेली. चाकाखाली चिरडलेल्या लिंबाची साल टायरला तशीच, आणि बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक. त्या दिवशी ऊन लवकर चढलं होतं आणि मी चिडलेली होते. बाबांचं डोकं दोनदा आलं. तिसऱ्यांदा मी त्या मुलासमोरच म्हणाले, ''तुम्हाले एवढंही जमत नाही का?'' बाबांनी चादर पुन्हा धरली. नंतर डोकं एकदाही दिसलं नाही.

रात्री मी नेहमीसारखे फोटो स्वच्छ करून पाठवले. बोटं गेली, पाय गेले, आणि त्या ओघात स्वस्तिकही गेलं, कारण लाल रंगावर ते डागासारखं दिसत होतं. त्या मुलाचा लगेच फोन आला. ''ताई, स्वस्तिक पुसते का कोणी? आई घरात घेणार नाही मले. जसा काढला तसाच पाठव.'' मी कपाळाला हात लावला आणि मूळ फोटो तसाच पाठवून दिला. म्हटलं, ज्याची त्याची आवड.

दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात बाबा गेले. तीन दिवस ताप, आणि चौथ्या दिवशी घरात माणसं जमली. भिंतीवर लावायला फोटो हवा होता. एकही नीट सापडेना. शेवटी आधार कार्डावरचा मोठा करून आणला. आत्यानं पदर तोंडाला लावत ऐकवलंच, ''दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.'' तिचं काय चुकलं होतं?

आई त्या फोटोला हार घालायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. वर्षश्राद्ध महिन्यावर आलं तेव्हा ती म्हणाली, ''हे नाहीत हे. पोलीस ठाण्यात बसवल्यावानी दिसून राहिले. तू दर रविवारी घेऊन जात होती न त्यांले? गाडीजवळचा एक तरी असंल. शोध.''

मी शोधला. हार्ड डिस्क उघडून चार संध्याकाळी बसले. चालत्या गाड्यांच्या फोटोंत बाबा असणं शक्यच नव्हतं, ते माझ्या पाठीमागे होते. उभ्या गाड्यांच्या फोटोंत ते प्रत्येक वेळी होते आणि प्रत्येक वेळी मीच त्यांना पुसलं होतं. मूळ फोटो जागा अडवतात म्हणून काम झालं की मी ते उडवून टाकायचे. किती व्यवस्थित मुलगी! पाच वर्षांचे रविवार स्वच्छ, लखलखीत, आणि एकाही रविवारी बाबा नाहीत. चौथ्या संध्याकाळी मी खाली जाऊन त्यांची मोटारसायकल सुरू केली आणि नुसती तिच्यावर बसून राहिले. बाबा हवे होते. दुसरं काही नाही, मागे टेकायला ती पाठ हवी होती.

तिथे बसल्याबसल्या ते स्वस्तिक आठवलं.

त्या मुलाला फोन केला. गाडी त्यानं केव्हाच विकली होती. पण पहिल्या दिवसाचा फोटो आईनं देवघराशेजारी लावलाय म्हणाला, आणि त्याच रात्री त्यानं तो मला पाठवला. मी तो एवढा मोठा केला की स्क्रीनवर नुसतं लाल दार उरलं. दारात पांढरी चादर. चादरीच्या वरच्या काठावर दहा बोटं. खालच्या काठाखाली चप्पल घातलेले दोन पाय, टाचा जमिनीपासून उचललेल्या. डोकं नव्हतं. मी किती वेळ शोधलं, केसही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी तेवढ्याच दाराचा मोठा प्रिंट काढून मी आईसमोर ठेवला. म्हटलं, एवढंच सापडलं. तिनं चष्मा लावला आणि बोटानं आधी चप्पल, मग टाचा दाखवल्या.

''चवड्यावर काहून उभे आहेत?''

''चादर उंच धरायला,'' मी म्हणाले. ''डोकं दिसू नये म्हणून. मी रागावले होते, आई. लोकांसमोर रागावले होते.''

आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, ''तू सांगितलं, तं केलं त्यांनी,'' आणि पदरानं काच पुसायची तसा कागद पुसला.

वर्षश्राद्धाला आधार कार्डवाला फोटो उतरला. बैठकीत आता ते लाल दार आहे. येणारे-जाणारे बघतात, कोणाची गाडी म्हणून विचारतात. आई आतून पाण्याचे ग्लास घेऊन येते, ते खाली ठेवते आणि म्हणते, ''गाडी कोणाची का असंना. चादरीमागे हे आहेत.''