घरगाडीचा तिसरा कॅमेरा

गाड्यांच्या वायरिंगचं काम करणाऱ्या या माणसाला सगळी गल्ली ‘वकील’ म्हणते. गाडीला हात लावण्याआधी तो मालकाची उलटतपासणी घेतो, म्हणून. बिघाड का झाला हे कळल्याशिवाय त्याला घास गोड लागत नाही. घरची इस्त्री बंद पडून तीन आठवडे झाले. चौकशी चालू आहे, आणि तो चुरगळलेल्या शर्टाने हिंडतो. बायकोने बोलणं सोडलंय. इस्त्रीबद्दल.

एका सकाळी निवृत्त मास्तर आपली घरगाडी घेऊन आले, सोबत त्यांची बायको, काकू. आत दोन पलंग, शेगडी, बेसिन. मागे कॅमेरा, आंधळा. वर्षातला हा दुसरा. पहिला गेला तेव्हा काकू मागे उभ्या राहून “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत होत्या आणि मास्तरांनी, आयुष्यात पहिल्यांदाच, बायकोचं शब्दशः ऐकलं. काकू झुडपात पडल्या. आता त्यांनी निक्षून सांगितलं होतं: याही वेळी कॅमेरा टिकला नाही, तर गाडी विकायची. मास्तरांनी या गाडीसाठी वीस वर्षं वाट पाहिली होती.

वकिलाने कॅमेरा उघडला. काचेआड पाणी. आधीच्या कारागिराने तर पाणी अडवणारं सीलंट चहूबाजूंनी थापलं होतं. पावसात उभी असते का? नाही, शेडमध्ये. नदीनाल्यातून नेली? छे. मग धुता कशी?

मास्तर खुलले. दर रविवारी, पंप लावून. प्रात्यक्षिकही दाखवलं: पाण्याची सणसणीत धार कॅमेऱ्यापासून वीतभर अंतरावर, दहा आकडे मोजेपर्यंत.

“याला मी डोळ्यासारखा जपतो,” मास्तर म्हणाले.

“डोळा असा धुता?”

मास्तरांनी पंप बंद केला.

नव्या कॅमेऱ्याला वकिलाने वरून आणि दोन्ही बाजूंनी सीलंट लावलं, खाली मुद्दाम फट ठेवली. आलेल्या पाण्याला जायला वाट हवी. वायर भोकात शिरण्याआधी तिला खाली झोळ दिला, म्हणजे थेंब तिथूनच गळेल. वर रबराचा बोटभर छज्जा. पंपाऐवजी मास्तरांच्या हाती ओलं फडकं दिलं.

चाचणीला काकू मागे उभ्या राहीनात. त्या पुढे, मास्तरांच्या शेजारी, कॅमेऱ्याच्या पडद्यासमोर बसल्या. मग वकील स्वतःच मागे जाऊन गाडीकडे पाठ करून उभा राहिला. गाडी सरकत आली आणि हातभर अंतरावर थांबली.

काकू बराच वेळ पडदा न्याहाळत होत्या.

“यांच्या शर्टाला इस्त्री नाही,” त्या म्हणाल्या. “दिसतंय स्वच्छ. उद्या निघू.”