मामाच्या राज्यातली युनिव्हर्सिटी

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही, फ्रीजच्या खालच्या कप्प्यातल्या कोथिंबिरीसारखे ते साठत जातात. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमध्ये, आमच्या बँकेच्या कँटीनमध्ये, आम्ही तिघं मराठी रोज एका टेबलावर डबा उघडायचो. मी अकाउंट्समधली, देसाई आयटीतला आणि जोशी क्रेडिट रिस्कमधला. क्रेडिट रिस्क म्हणजे कर्ज मागायला येणाऱ्यांना नाही म्हणायचं खातं. जोशी ते काम मनापासून करायचा. घरीसुद्धा.

त्या वर्षी त्याच्या मुग्धाला अमेरिकेतल्या एका नामांकित स्टेट युनिव्हर्सिटीत जिऑलॉजीला ॲडमिशन मिळाली. सिंगापुरातही मिळाली होती, पण इंजिनिअरिंगला. अमेरिकेतली फी राज्याबाहेरच्या मुलांची, म्हणजे तिथल्या मुलांच्या तिप्पट. जोशीकडे पैसे होते, पण ते पुण्यातल्या फ्लॅटसाठी ठेवलेले, रिटायर झाल्यावर राहायला. म्हणजे मुलीचे दगड की आपला फ्लॅट, एवढाच प्रश्न होता.

*

पहिली हरकत साताऱ्याहून आली. जोशीनं आईला फोनवर समजावलं, "अगं, सरकारी युनिव्हर्सिटी आहे ती."

"सरकारी? मग फी कसली घेतात?"

"बाहेरच्या मुलांना पडते, आई."

"आणि शिकवणार काय?"

"दगड."

आजी म्हणाल्या, "सुधीर, आपल्या मागच्या डोंगरावर फुकट आहेत रे."

*

दुसऱ्यांच्या कागदांत भोकं शोधण्यात जोशीचा हात धरणारा कुणी नव्हता. इथेही त्याला एक सापडलं. त्याची बायको वैशाली, तिचा सख्खा भाऊ नेमका त्याच राज्यात राहायचा!

जोशीनं युनिव्हर्सिटीला ईमेल केली. मुलीचे सख्खे मामा बरीच वर्षं तुमच्या राज्यात राहतात, टॅक्स भरतात. आमच्याकडे मामाचं घर ते भाचीचंच घर. सबब मुलीला स्थानिक धरावं आणि फी तशी लावावी.

ईमेल त्यानं आम्हाला टेबलावर वाचून दाखवली. देसाई म्हणाला, "पॉइंट आहे." मलाही तो बिनतोड वाटला. तीन शिकलेली माणसं बसली होती, पण यात हसण्यासारखं काही आहे हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

उत्तर फार नम्र आलं. आईवडील राज्यात राहत असतील तर विचार होतो, मामाची तरतूद नाही.

जोशीनं मान्य केलं. नियम म्हटला की तो गप्प बसतो. चिडली ती वैशाली. "ज्यांना मामा म्हणजे काय हे ठाऊक नाही, त्यांच्याकडे मुलगी पाठवायची?"

*

शेवटी एका रविवारी जोशीनं घरी कमिटी बसवली. आम्हाला मिसळ खायला बोलावलं आणि मुग्धाला टीव्हीसमोर उभं केलं.

देसाईचा मुलगा इथल्याच युनिव्हर्सिटीत होता. तो म्हणाला, "इथेच घे ना बेटा. घरचं जेवण, एमआरटीनं जाणं-येणं."

"अंकल, इथला सगळ्यात मोठा डोंगर म्हणजे बुकित तिमा. तो मी स्कूलच्या शूजमध्ये चढते. जिऑलॉजी कुठे करू लाह?" पोर इथेच वाढलेली, वाक्याला सिंगापुरी 'लाह'चं शेपूट लागायचंच.

जोशी कर्जदाराकडे बघावं तसा तिच्याकडे बघत होता. सवयीनं म्हणाला, "तारण काय?"

पोर हळूच म्हणाली, "माझ्याकडे फक्त दगड आहेत, बाबा. तेपण तुम्ही बाल्कनीत ठेवायला लावलेत."

वैशाली पावाची लादी हातात घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "अहो, पुण्याच्या त्या फ्लॅटमध्ये बसून आपण दोघं बोलणार काय? पोरीला नाही म्हटलं, हेच?"

जोशीनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सँक्शन," म्हणाला. बिनतारणी कर्ज त्यानं जन्मात एकदाच मंजूर केलं.

*

पहिल्याच सेमिस्टरला मुग्धा केमिस्ट्रीत आपटली. जोशीचा डबा न उघडता घरी परत जायला लागला. देसाई हळूच म्हणाला, "बुडीत खातं?" मी त्याला टेबलाखालून लाथ मारली.

पण पोर बापासारखीच चिवट. दुसऱ्या वर्षी डिपार्टमेंटनं तिला स्कॉलरशिप दिली आणि वर फीसुद्धा तिथल्या मुलांइतकीच केली. त्या दिवशी जोशीनं अख्ख्या कँटीनला कॉफी पाजली. त्याच्या खात्यातली माणसं घाबरून कपाकडे बघत होती.

संध्याकाळी मी वैशालीचं अभिनंदन करायला फोन केला. ती म्हणाली, "कळलं म्हणायचं त्यांना, मामा म्हणजे काय ते."

*

मुग्धाच्या शेवटच्या वर्षी तिच्या सरांची सिंगापुरात कॉन्फरन्स होती. पांढऱ्या दाढीचे, उंच, बुटांना कुठली तरी माती लागलेले सर. पेपर वाचायला त्यांनी मुग्धालाही आणलं होतं. तिनं तो वाचला तेव्हा जोशी रजा काढून मागच्या खुर्चीवर बसला होता. त्याला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. टाळ्या मात्र सगळ्यात आधी त्यानं सुरू केल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज होती. सरांना जेवायला बोलावलं होतं, आम्हीही होतो. दार उघडताच ते छातीवर हात ठेवून म्हणाले, "आय ॲम द मामा." त्या ईमेलची गोष्ट मुग्धानं त्यांना कधीच सांगितली होती.

वैशाली आत गेली. भाऊ अमेरिकेत, तिची कित्येक वर्षांची भाऊबीज फोनवरच व्हायची. ती ताट घेऊन बाहेर आली. सरांना पाटावर बसवलं. त्यांचे गुडघे कानापर्यंत आले. तिनं टिळा लावला, ओवाळलं. ओवाळताना तिचे डोळे वाहत होते आणि ती पुसत नव्हती.

सरांनी मुग्धाला हळूच विचारलं, आता मी काय करायचं?

"ताटात काहीतरी घाला," मुग्धा म्हणाली.

सरांनी खिसे चाचपले. मग जॅकेटच्या आतल्या खिशातून एक काळा दगड काढला आणि दोन्ही हातांनी ताटात ठेवला.

सगळे जोशीकडे बघायला लागले. त्यानं दगड उचलला, तळहातावर तोलला, उजेडात फिरवून पाहिला. मग कपाट उघडून बँकेच्या कागदांवर ठेवला आणि किल्ली फिरवली.

"तारण जमा," म्हणाला.