सरांची नदी

आमच्या ताईसारखं डूख धरणारं माणूस मी पाहिलं नाही, आणि हे मी कौतुकानं सांगतेय.

ताई कॉलेजात साहित्य शिकवते. तिचा विषय गावाकडचे लेखक. नुसती पुस्तकं वाचून तिचं भागत नसे. लेखकाच्या गावी जायचं, त्याच्या भावकीशी बोलायचं, कादंबरीतल्या वाटा पायाखाली घालायच्या. स्कूटर चालवायला मी, मागे ती. एका लेखकाच्या सगळ्या कादंबऱ्यांतून नदी वाहते. त्याच्या गावी गेलो, तर नदी सोडाच, साधा ओढा नाही. लेखकाची बहीण म्हणाली, "पाणी वाहून वाहून आईची कंबर गेली. म्हणून दादानं कागदावर नदी आणली." ताई तिथेच रडली.

संशोधनाची प्रकरणं तिनं विभागप्रमुखांना तपासायला दिली. नदीचं तेवढं लिहायचं राहिलं होतं. सरांनी कागद ठेवून घेतले आणि पुढच्या वर्षी पुस्तक आलं ते त्यांच्या नावावर. आयत्या बिळावर नागोबा! राहिलेली फट त्यांनी स्वतःच्या अकलेनं भरली होती: 'त्या नदीच्या काठी बसून मी या कादंबऱ्या पुन्हा वाचल्या.'

मला वाटलं, ताई आकाशपाताळ एक करेल. तिनं ब्रसुद्धा काढला नाही. पुढे अभ्यासक्रम समितीवर गेली आणि भांडून तेच पुस्तक अभ्यासाला लावलं. दरवर्षी नवा वर्ग त्या गावी न्यायची, पुस्तक हातात द्यायची आणि म्हणायची, "सर बसले तो काठ शोधा." पोरं उन्हात वणवण करायची, गावकरी पोट धरून हसायचे.

यंदा सर घरी आले. निवृत्त होऊन जमाना झालेला, हातात काठी. त्यांची नात ताईच्या वर्गात होती.

"यंदाची सहल तेवढी रद्द करा," ते म्हणाले. "पोरीला माझा फार अभिमान आहे. नव्या आवृत्तीवर तुमचं नाव घालतो. एकट्या तुमचं."

या नावासाठी ताईनं तरुणपण जाळलं होतं. मला वाटलं, घेऊन टाक बाई.

"नदीसकट?" ताईनं विचारलं. "नको सर. पुस्तक तुमचंच आहे."

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. वाईट वाटलं नाही. का वाटावं?

सहलीला मीही गेले. नात सगळ्यांच्या पुढे, पुस्तक छातीशी धरून. लेखकाची बहीण, आता पार म्हातारी, ओट्यावर बसली होती.

"आजी, नदी कुठंय? माझे आजोबा तिच्या काठी बसले होते."

म्हातारीनं तिला जवळ बसवून खरं ते सांगितलं. पोरगी हसली नाही, रडलीही नाही. पुस्तक चाळत बसली; पानोपानी गावोगावच्या वाटा, भावकीशी झालेली बोलणी. मग ताईकडे वळून म्हणाली, "मॅडम, ते इथे आलेच नव्हते. मग बाकीचं पुस्तक कुणी लिहिलं?"

इतक्या वर्षांत एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं. सगळे नदीलाच हसून घरी गेले होते. ताई माझ्याकडे वळली. शेवटी मीच सांगितलं, सगळ्या वर्गासमोर.