चिखलाचे मोजे

मापकाकांनी उभं आयुष्य लोकांच्या पायांशी काढलं. ह्यात अध्यात्म काही नाही. चपलाबुटांच्या दुकानात ते विक्रेते होते. बुटक्या स्टुलावर बसायचं, समोरच्याचा पाय मांडीवर घ्यायचा, अंगठा कुठवर पोचतो ते बोटाने चाचपायचं आणि "जरा चालून बघा" म्हणायचं. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे बघायची वेळ फारशी यायचीच नाही. रस्त्यात कुणी "ओळखलंत का?" म्हटलं, की ते आधी खाली बघत आणि मग म्हणत, "अरे हो! डावा पाय अर्ध्या नंबराने मोठा!"

नोकरी संपली आणि त्याच वर्षी काकू गेल्या. मुलगी दूर परगावी. राहायला इस्त्रीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खालच्या वाफेने फरशी कोमट राहायची, घरात ऊब म्हणावी तर तेवढीच. मुलगी फोनवर विचारायची, "बाबा, जेवलात का?" ते म्हणायचे, "हो." ती विचारायची, "आणि काय म्हणताय?" तिथे गाडी अडायची. दिवसभर ज्याने काही म्हटलंच नाही, त्याने रात्री काय म्हणतोय ते कुठून सांगावं?

एक दिवस घर खायला उठलं म्हणून ते बाहेर पडले, समोर आली त्या बसमध्ये चढले आणि शेवटच्या थांब्यापर्यंत बसून राहिले. शेवटचा थांबा निघाला पाणपक्ष्यांच्या अभयारण्याचा. तळ्याकाठी पक्षी बघायला एक लाकडी खोपी होती. फळ्यांच्या भिंतीत आडव्या खिडक्या आणि समोर बाक. आत बसलेली मंडळी बोललीच तर कुजबुजत. ही जागा काकांना एकदम पसंत पडली. बागेत गप्प बसलेला म्हातारा एकटा दिसतो. खोपीत सगळेच गप्प, त्यामुळे एकटा कोण हे कळायची सोयच नाही.

पक्षी ओळखायलाही ते हळूहळू शिकले. पावसाळा सरला, की उत्तरेकडून थवे येऊन चिखलात उतरायचे. सगळे आपले मळकट तपकिरी. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं. नवखी माणसं चोची आणि पंख बघून हैराण होत. काका म्हणायचे, "तोंडाकडे काय बघता? पाय बघा, पाय!" कुणाचे हिरवे, कुणाचे पिवळे, रोज दिसणाऱ्या टिलव्याचे लालभडक. त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

त्या शरद ऋतूत एका सकाळी त्यांना काळ्याकुळकुळीत पायांचा टिलवा दिसला. शेजारी दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, खोपीतल्या जुन्या. त्यांनी दुर्बिणीला डोळा लावला आणि श्वासच रोखला. "काका, हा वेगळ्याच जातीचा, वाट चुकून आलेला दिसतोय! इकडे कधी कुणी पाहिलेला नाही हा. पाय काळेच आहेत ना?"

"काळे म्हणजे! पॉलिश मारल्यासारखे."

बाईंनी फोनवरून बातमी सोडली. दुसऱ्या दिवशी खोपीत पाय ठेवायला जागा नव्हती. पाहुणा पक्षी ज्याला आधी दिसला, त्याने तो असेपर्यंत मधल्या खिडकीशी बसायचं, असा तिथला रिवाज. काका तिथे बसले. कुणी बिस्किटं पुढे केली, कुणी थर्मासमधला चहा.

"डोळे आहेत का दुर्बिणी हो काका?"

"सगळं चपलेच्या दुकानाचं पुण्य!" काका म्हणाले. खोपी हसली, अर्थात कुजबुजत.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रविवारी आम्ही सगळे मोठ्या तळ्यावर जातोय. गाडीत एक जागा आहे. घ्यायला येऊ तुम्हाला?"

काकांनी मान इतकी हलवली, की टोपी पडली. त्या दुपारी त्यांनी स्वतःहून मुलीला फोन केला आणि ते इतकं बोलले, की शेवटी तीच म्हणाली, "बाबा, थांबा हो, माझं दूध उतू चाललंय!"

तिसऱ्या सकाळी मंडळी मागे चहा ओतून घेत होती. दुर्बिणीला डोळा एकट्या काकांचा. टिलवा चिखल सोडून पोटापर्यंत पाण्यात शिरला, थोडा वेळ डुंबला आणि दगडावर चढला. काकांनी दुर्बीण पुसली. डोळे पुसले. पाय लालच होते. काळेपणा घसरून घोट्याशी जमला होता, सैल मोज्यासारखा. रोजचा, साधा, आपला टिलवा! चिखल लडबडून वाळला होता, इतकंच. आणि दुकानात नव्या पोरांना "आधी पाय पुसून घ्या, मग माप घ्या," हे वर्षानुवर्षं शिकवणारा माणूस हा!

टिलवा पुन्हा चिखलात उतरला. बघता बघता पाय परत काळे. कुणीही पाहिलं नव्हतं. तोंड मिटून बसलं तर रविवार आपला.

तेवढ्यात दार ढकलून एक थोराड गृहस्थ धापा टाकत आत आले. ते निवृत्त बस ड्रायव्हर. त्यांची कुजबूजही इंजिन सुरू केल्यासारखी. "काल गुडघ्यांनी दगा दिला हो. आहे ना अजून? जन्मभर बस चालवली, आज दोन बदलून आलोय त्याच्यासाठी." काकांनी सरकून जागा दिली. ड्रायव्हरांनी बराच वेळ पाहिलं. डोळा काढला तेव्हा तो ओला होता. "झालं! आता मेलो तरी चालेल."

"इतक्यात मरू नका," काका म्हणाले. "साधा टिलवा आहे तो. पायांवर चिखल आहे. मी आत्ता धुतलेले पाहिले."

चहाचे कप बाजूला झाले. मग सगळे दुर्बिणींवर तुटून पडले. टिलवाही इमानदार, पुन्हा पाण्यात गेला आणि लाल होऊन आला.

"चिखलाचे मोजे!" कुणीतरी म्हणालं आणि हशा पिकला. त्यात विष नव्हतं, पण घाई होती. दुर्बिणींच्या तिपाया मिटल्या, थर्मासांची झाकणं लागली. "होतं असं, काका." "आम्ही तरी कुठे ओळखलं?" ड्रायव्हर गुडघा चोळत बाहेर पडले. डॉक्टरीणबाईंनी खांद्यावर थोपटलं. रविवारचं त्या काही बोलल्या नाहीत. विचारावं असं काकांच्या अगदी ओठांवर आलं होतं, पण माप जमलं नाही म्हणून उठलेल्या गिऱ्हाइकाला हाताला धरून बसवायचं नसतं.

काका मधल्या खिडकीवरून उठून कोपऱ्यात जाऊन बसले. मधे बसायला तसं कुणी हरकत घेतली नव्हती. घ्यायला कुणी उरलंच नव्हतं.

रविवारी ते उजाडायच्या आत तयार झाले. न जाणो, मंडळी यायची आणि आपण लुंगीत! खिडकीशी उभे राहिले. खाली गाड्या येत होत्या आणि जात होत्या. ऊन समोरच्या भिंतीवरून उतरून रस्त्यावर आलं, तेव्हा फोन वाजला.

"बाबा, आज जाणार होता ना मित्रांबरोबर? अजून घरीच?"

"निघतोच आहे," काका म्हणाले.

फोन ठेवल्यावर ते जरा वेळ कोमट फरशीवर तसेच उभे राहिले. मग, लेकीशी खोटं बोलल्याचं नको व्हायला, म्हणून जिना उतरून बसच्या थांब्याकडे चालू लागले.