आतली खूण

माझा स्वभाव तापट, आणि 'माहीत नाही' हे दोन शब्द मला लवकर फुटत नाहीत. जामसंड्याच्या शाळेत इतकी वर्षं विज्ञान शिकवलं, त्यातून लागलेली ही खोड. पोरांनी प्रश्न विचारला आणि फळ्यासमोरची बाई गप्प राहिली तर मग तास संपलाच म्हणायचा. त्यामुळे शेजारच्या आंटीच्या कुत्र्याच्या मानेत चिप आहे असं कळलं, तेव्हा मी त्या विषयावरही बोलले, आणि चांगली घसघशीत बोलले.

ही दोन हजार सात सालातली गोष्ट. आंटी म्हणजे आमच्या वाडीतली ख्रिस्ती बाई, शाळेचे गणवेश शिवायची. नवरा वारलेला, एकुलती मुलगी आखातात नर्स. त्या मुलीला आणखी लांबच्या देशात नोकरी लागली, तेव्हा ती आपला कुत्रा विमानाने घेऊन आली आणि आईकडे ठेवून गेली. "जागा मिळाली की त्याला न्यायला येते," म्हणाली. तपकिरी, लांब कानांचा, बारीक अंगाचा कुत्रा. विमानात घालायचा म्हणून तिकडे त्याला चिप टोचली होती. सोबत एक कागद होता, त्यावर पंधरा आकडी नंबर.

आंटीला कुत्र्यांचं मोठं वेड होतं असं नाही. पण पहिल्याच महिन्यात ती मला म्हणाली, "बाई, ह्यो हंय आसा म्हणान माजा चेडू परत येतला. नायतर थंयच ऱ्हवतला." पोरगी परत यावी म्हणून ती त्याला जपायची. रोज संध्याकाळी व्हरांड्यात बसून त्याच्या अंगाला खोबरेल चोळायची. मी समोरच्या खुर्चीत, पाय वर घेऊन. मला कुत्र्यांची किळस आहे, आणि हा तर येईल त्याचे पाय चाटायचा.

वाडीत चिपबद्दल काय काय चाललं होतं ते ऐकून माझं डोकं उठलं. कुणी म्हणे, रेडिओसारखा तिचा सेल बदलावा लागतो. कुणी म्हणे, ती घरातलं बोलणं ऐकते. दोघी जावांनी तर कुत्रा अंगणात आला की सासूबद्दल बोलणं बंद केलं होतं. मी दोघींना झापलं. सेल नसतो, कान नसतात, तांदळाच्या दाण्याएवढी वस्तू असते ती. इथपर्यंत माझं बरोबर होतं. इथे थांबायला हवं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला, मी पुढे म्हटलं, "ती उपग्रहाला जोडलेली असते. कुत्रा कुठेही जाऊ दे, पोरीला तिकडे बसून दिसतं." पेपरात मी गाड्यांना बसवायच्या यंत्राबद्दल अर्धंमुर्धं वाचलं होतं, ते मी कुत्र्याला बसवून टाकलं. आंटीने मान हलवली. बाई सांगते म्हणजे खरंच असणार.

आंब्याच्या ऐन दिवसांत एका दुपारी कुत्रा नाहीसा झाला.

मी शाळेतून आले तर आंटी शिवणयंत्रावर, निवांत. मी विचारलं, शोधायला कुणी गेलंय का. ती म्हणाली, "कित्याक? चेडवाक दिसता मा." मुलीला फोन लागत नव्हता, तिची ड्यूटी असणार. मग आंटीला तो कागद आठवला. आम्ही दोघी एसटीडी बूथवर गेलो आणि बूथवाल्याने ते पंधराच्या पंधरा आकडे फिरवले. पलीकडून बाईचा आवाज आला की हा नंबर अस्तित्वात नाही. आंटीने रिसीव्हर ठेवला आणि मला समजावलं, "रेंजीत नाय तो. सड्यार गेलो आसतलो. येतलो." तेव्हा मोबाइल नवे होते आणि वाडीच्या वर, कातळाच्या सड्यावर कुणालाच रेंज मिळायची नाही, त्यामुळे तिचं म्हणणं चुकीचंही वाटेना. आणि मी, विज्ञानाची शिक्षिका, चक्क हो म्हटलं.

असे दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी मुलीचाच फोन आला. आंटीने पहिलं विचारलं, कुत्रो खंय आसा? मी शेजारीच उभी होते, पोरीचा आवाज मला ऐकू येत होता. "माका कसा दिसतला, माय? कोणी तेका धरून मानेर यंत्र फिरवल्यान, तरच नंबर कळता. आणि त्या नंबराफुडे माजो जुनो फोन आसा, तो बंद झालो." मग ती रडायला लागली. आंटीने फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.  चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. अर्ध्या हळकुंडाने पिवळी झाले होते मी, आणि माझ्यामुळे बिचारीचे दोन दिवस फुकट गेले होते. लाज वाटली. अजून वाटते.

त्याच सकाळी आमची मासेवाली आली. देवगडच्या बंदरावरून पाटी घेऊन घरोघर फिरणारी, तोंडाने माझ्याहून तिखट. कुत्रा हरवलाय म्हटल्यावर तिने पाटी खाली ठेवली आणि विचारलं, "खूण काय तेची?"

आमच्याकडे हा पहिला प्रश्न. कोंबड्या सगळ्यांच्या एकाच उकिरड्यावर चरतात, म्हणून पायाला बांधायची प्रत्येक घराची चिंधी ठरलेली. आंटीची लाल, दुसऱ्या एका घराची हिरवी, आमची निळी. खुणेवाचून कोंबडी सोडणारी बाई येडी समजतात. मी म्हटलं, त्याची खूण आत आहे, मानेत.

"भितर?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाये, भितरली खूण कोणाक दिसतली? खूण भायर होयी."

इतक्या वर्षांत शास्त्र मला कुणी एवढ्या थोडक्यात शिकवलं नव्हतं. मी निमूटपणे कुत्र्याचा रंग, कान, उंची सांगितली. ती संध्याकाळपर्यंत बंदरावर, बाजारात आणि आंब्याच्या ट्रकांपाशी विचारत फिरली, आणि दुसऱ्या दिवशी बातमी घेऊन आली. आंब्याच्या पेट्यांत पेंढा घालतात. एका ट्रकात जास्तीचा पेंढा होता, त्यात हा विमानातला साहेब जाऊन झोपला. खारेपाटणला ड्रायव्हर चहाला उतरला तेव्हा त्याला दिसला. त्याने तिथेच चहाच्या टपरीवर सोडला आणि ट्रक मुंबईला गेला; परत आल्यावर त्यानेच हे तिला सांगितलं.

आंटी आणि मी पहिल्या एसटीने खारेपाटणला गेलो. कुत्रा टपरीच्या बाकाखालीच होता. आम्हाला बघून शेपटी हलवत आला, आंटीचे पाय चाटले, माझे चाटले, मग मागून उतरलेल्या कंडक्टरचेही चाटले.

टपरीवाला माणूस वाईट नव्हता, पण कुत्रा सोडेना. "कालपासना दोघांनी ह्यो आमचो म्हटल्यानी," तो म्हणाला. "ह्यो सगळ्यांकडेच जाता. माका खूण सांगा."

मी कागद काढला. आता कुठे माझी वेळ आली असं मला वाटलं. चिप म्हणजे काय, ती कुठे असते, सगळं सांगितलं, या खेपेला उपग्रह वगळून. त्याने कागद उलटापालटा केला. "ह्यो नंबर कागदार आसा. कुत्र्यार खंय आसा?" यंत्र लागेल म्हटलं. तो म्हणाला, हाडा, घेवन येवा यंत्र. आता ते यंत्र आमच्या जिल्ह्यात कुठे होतं की नव्हतं, देव जाणे. मी म्हटलं, हाताला लागते. कागदावर लिहिलं होतं, दोन खांद्यांच्या मधोमध. त्याने तिथे बोटं फिरवली, चांगली दाबून फिरवली. काही नाही. मग मी, आयुष्यात पहिल्यांदा, त्या कुत्र्याला हात लावला आणि शोधलं. काहीच नाही. टपरीवाल्याने कागद घडी घालून मला परत दिला.  खोटारड्या म्हणून परत जायचं, आणि कुत्रा इथे.

"थंय नाय ता," आंटी म्हणाली.  "सरकला आसा. बाई, तुमचो कागद जुनो झालो." ती टपरीवाल्याला म्हणाली, "डाव्या खांद्यार बघ. हाडाच्या खाली, दोन बोटां. दाबू नको, नुसतो हात फिरव."

त्याने हात फिरवला. एकदा, दोनदा. मग त्याचं बोट थांबलं.

"उकड्या तांदळायेवढा," आंटी म्हणाली.

"व्हय," तो म्हणाला, आणि दोरी सोडून तिच्या हातात दिली. वर आम्हाला चहा पाजला.

परतीच्या एसटीत कुत्रा तिच्या मांडीवर होता. तळेरे गेल्यावर तिने माझं बोट धरलं आणि त्या जागी नेलं. कातडीखाली एक दाणा, इकडून तिकडे हलणारा. "लागला?" तिने विचारलं. लागला म्हटलं. "तुमच्या उपग्रहाक दिसता काय?" म्हणाली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माझी हसायची हिंमत झाली नाही.

घरी गेल्यावर मी त्याच्या गळ्यात लाल चिंधी बांधली आणि पट्ट्यावर पक्क्या शाईने घराचा फोन लिहिला. खूण बाहेर.

नाताळात मुलगी आली. महिनाभर राहिली, कुत्र्याला न्यायचं मात्र नाव काढेना. एके दिवशी तिने कॉम्प्युटरवर बसून त्या पंधरा आकड्यांपुढचं सगळं बदललं. नाव आईचं, पत्ता जामसंड्याचा. हे ऐकून आंटीला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तिने हातातली सुई खाली ठेवली.

"मगे तो माजो झालो," ती म्हणाली. "तर तू कित्याक येतलंस?"

पोरगी आधी माझ्याकडे बघायला लागली, जणू हेही आईला मीच शिकवलंय. मग तिच्याजवळ जाऊन बसली.

"माय, मी कुत्र्यासाठी येतंय काय?"

मी तोंड उघडलं नाही.