दिंबमच्या माथ्यावर काढून घेतलेली किल्ली

"जानेवारीत निघू. बाइकनं. थेट कन्याकुमारी," संगीता फोनवर म्हणाली.

मी शाळेत पेपर तपासत बसले होते. मौद्याच्या शाळेत मी गणित शिकवते, आणि सहामाहीचे पेपर तपासताना कुणी काहीही सुचवलं तरी मी हो म्हणते. म्हणून म्हटलं, "चालते न." रात्री कल्पनाचा फोन आला. पारशिवनीजवळ तिची शेती आहे, ट्रॅक्टर ती स्वतः चालवते. ती म्हणाली, "मंजू, मी टायर बदलून घेऊन राहिली. आता माघार घेशील तं पाहा."

आम्ही तिघी कॉलेजच्या होस्टेलमध्ये एका खोलीत राहिलो होतो. आता तिघींनी चाळिशी ओलांडली आहे. संगीता नागपुरात, धंतोलीतल्या एका खाजगी दवाखान्यात नर्स आहे, आणि आमच्यात सगळ्यात चांगली गाडी तीच चालवते. निदान तोवर तरी असंच होतं.

सकाळी सहाला निघालो. नागपूरहून दक्षिणेला जायचं तर रस्ता शोधावा लागत नाही. एकच महामार्ग कन्याकुमारीपर्यंत जातो. बुटीबोरी गेलं की शहर सुटतं, हिंगणघाटपर्यंत हात गारठतात, पांढरकवड्याला पोचेस्तोवर जॅकेट काढावंसं वाटतं. पहिली पोटपूजा तिथेच करून घ्या. पुढे आदिलाबादपर्यंत मनासारखं काही मिळालं नाही. कल्पना सगळ्यात पुढे, संगीता मध्ये, मी मागे. मी सगळ्यात कच्ची चालवणारी, म्हणून मागे. त्यामुळे मला सगळं दिसत होतं.

टोलनाक्यावर दुचाकींना पैसे पडत नाहीत. अगदी डावीकडे एक अरुंद लेन असते, तिथून निघायचं. आदिलाबादच्या अलीकडच्या नाक्यावर संगीताचा डावा आरसा त्या लेनच्या सिमेंटच्या खांबाला घासला. आवाज असा झाला की माझे दात शिवशिवले. ती थांबली, आरसा सरळ केला आणि हसून म्हणाली, "लेन बनवणाऱ्यानं कधी बाइक पाह्यली का नाही?"

मीही हसले. पण त्यानंतर दिवसभर ती डावी बाजू सोडून दुभाजकाला चिकटून चालवत होती. मागून ट्रक हॉर्न वाजवत, ती हलत नसे.

हैदराबादच्या बाहेरच्या रिंगरोडवर दुचाकी चालत नाही, हे आधीच लक्षात ठेवा. आम्ही शहरात शिरायच्या आधी मेडचलला खोली घेतली. हजारात तिघींची सोय झाली. गरम पाणी बादलीनं. संगीतानं आईला फोन लावला, "जयभीम आई, पोचलो आम्ही," म्हणाली आणि बाथरूममध्ये गेली. दार अर्धवट उघडं होतं. ती मान वर करून डोळ्यांत थेंब टाकत होती.

"काय झालं वं?"

"धूळ गेली," ती म्हणाली. "दिवसभर काच वर ठेवून चालवली न."

तिच्या हेल्मेटची काच दिवसभर खाली होती. मागून मला तिचा चेहरा तिच्या आरशात दिसत होता. तरी मी तिला नुसता टॉवेल दिला.

दुसऱ्या दिवशी कर्नूल, मग अनंतपूर. हा पट्टा सुंदर आहे आणि फसवा आहे. रस्ता सरळसोट, दोन्ही बाजूंना लालसर माती आणि दगडांच्या टेकड्या, आणि ऊन असं की डोळे जड होतात. कर्नूलच्या पुढे एका बाईच्या टपरीवर ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मिळाली. भाषा येत नसूनही कल्पनानं हातवाऱ्यांनी विचारलं, चटणीत चिंच आहे का. बाईनं चिंचेचं अख्खं बुटुक आणून दाखवलं. तिथे आम्ही खूप हसलो. त्यानंतर तासाभरातच संगीता एका थांबलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीच्या अगदी जवळून गेली. ट्रॉली डाव्या कडेला होती. मधे एका हाताचंही अंतर नव्हतं.

अनंतपूरला मी कल्पनाला बाजूला घेतलं. "संगीताचं काहीतरी बिनसलं आहे."

"झोप नाही झाली तिची. ड्यूटी करून आली ती," कल्पना म्हणाली. "तू भितोड आहेस मंजू, दुसऱ्यालेही भिववून राहिली."

मला ते पटवून घ्यायचं होतं, म्हणून पटलं. खरं सांगायचं तर मलाही हा प्रवास हवा होता. वीस वर्षं वर्गात उभं राहून मुलांना अंतर, वेळ आणि वेग शिकवला. पहिल्यांदा ते तिन्ही माझ्या अंगावरून जात होते.

म्हैसूर बघायचं म्हणून बेंगळुरूला महामार्ग सोडला. शहरातून बाहेर पडतानाच अर्धा दिवस गेला. म्हैसूरच्या नव्या मोठ्या रस्त्यावर दुचाकी नाही, बाजूच्या सर्व्हिस रोडनं जावं लागतं. त्यावर गतिरोधकच गतिरोधक. म्हैसूरला एक दिवस आराम केला. पाठ दुखत होती, इडल्या मऊ होत्या, आणि मी ठरवलं की मी उगाच घाबरते आहे.

पाचव्या दिवशी नंजनगूडमार्गे चामराजनगरकडे निघालो. पुढे दिंबमचा घाट उतरून सत्यमंगलम आणि कोइम्बतूर गाठायचं होतं. एका गावाबाहेर एक बाई डोक्यावर झेंडूची टोपली घेऊन रस्त्याच्या कडेनं चालली होती. डावीकडे. कल्पना तिला वळसा घालून गेली. संगीता गेली नाही. तिचं हँडल बाईच्या कोपराला लागलं, टोपली उडाली, बाई गुडघ्यावर पडली.

मी ब्रेक दाबला तेव्हा माझ्या चाकाखाली फुलं होती.

लोक जमले. बाईच्या हातावर चांगलंच खरचटलं होतं, हाड मात्र शाबूत होतं. संगीतानं आपली पिशवी उघडली, जखम धुतली, पट्टी बांधली. तिचे हात सराईत होते, पण ओठ पांढरे पडले होते. एका दुकानदाराला हिंदी येत होतं. बाई जे म्हणाली ते त्यानं आम्हाला सांगितलं: "ती विचारते, तुम्ही सरळ माझ्याकडे बघत आला. मग थांबला का नाहीत?"

आम्ही फुलांचे पैसे दिले, बाईला दुकानात बसवून पाणी पाजलं, तिचा मुलगा येईपर्यंत थांबलो. निघताना संगीता म्हणाली, "मधातच आली ती."

ती मधात आली नव्हती. मी पाहिलं होतं.

तिथून जंगल सुरू होतं. दोन्ही बाजूंना बांबू आणि हत्तींच्या पाट्या. दिंबमच्या माथ्यावर चहाची दोन-तीन दुकानं आहेत आणि तिथून खाली सत्तावीस वळणं. वळणं अशी की लांब ट्रक एका फटक्यात वळूच शकत नाही. मागेपुढे करत वळतो, तोवर सगळे थांबतात. चहावाल्यानं बजावलं की दुचाक्यांनी अंधाराच्या आत खाली उतरावं, संध्याकाळी हत्ती रस्त्यावर येतात आणि नाक्यावर सोडत नाहीत. नियम बदलत असतात. तुम्ही जाल तेव्हा चौकशी करून जा.

संगीता चहा घ्यायला उतरली. मी तिच्या गाडीची किल्ली काढून खिशात टाकली.

"किल्ली दे," ती म्हणाली.

"तुले दिसून नाही राहिलं, संगीता."

"का बोलून राहिली तू? पाच दिवसांपासून मी का डोळे मिटून चालवून राहिली?"

"डावीकडचं नाही दिसत तुले. खांब, ट्रॉली, ती बाई."

"मंजू, तमाशा नको करू इथं," कल्पना मधे पडली. "लोक पाहून राहिले."

संगीताचा आवाज चढला. मी तिला नेहमीच खाली ओढत आले, होस्टेलपासून, मला गाडी जमत नाही म्हणून मी जळते, असं बरंच. मी ऐकत होते. कल्पना चहाचा ग्लास घेऊन तिच्या डाव्या बाजूला आली आणि हात पुढे केला. "घे, चहा पी आधी."

संगीता माझ्याकडे बघून बोलतच राहिली. ग्लास तिच्या खांद्याजवळ, वीतभर अंतरावर होता. वाफ निघत होती. कल्पना तशीच उभी राहिली. तिनं ग्लास हळूच थोडा वर केला, गालाच्या उंचीवर. संगीतानं मान वळवली नाही. पापणीही हलली नाही.

कल्पनाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. तिनं ग्लास खाली ठेवला. काचेचा आवाज ऐकून संगीता दचकली आणि डावीकडे वळली. कल्पना केव्हा आली ते तिला कळलंच नव्हतं. मग तिनं आम्हा दोघींकडे पाहिलं आणि दगडावर बसली.

"काचबिंदू आहे," ती म्हणाली. "सहा महिने झाले."

दुपारचे दोन वाजले होते. गाड्या तीन, चालवणाऱ्या दोघी. कल्पनानं भराभर ठरवलं. संगीता माझ्या मागे बसेल, कल्पना आधी संगीताची गाडी खाली नेईल, बसनं परत वर येईल आणि मग स्वतःची उतरवेल.

सत्तावीस वळणं मी मोजली. मागे माणूस बसवून मी कधी घाट उतरले नव्हते. प्रत्येक वळणावर गाडी बाहेर ढकलली जाई आणि संगीता माझ्या कानाशी हळू आवाजात सांगे, "गिअर खाली घे. ब्रेकवर भार नको. आता सोड." तिचं ऐकूनच मी उतरले.

खाली बन्नारीच्या नाक्यापाशी आम्ही थांबलो. कल्पनाला तीनला बस मिळाली. चारला ती वर पोचायला हवी होती. फोनला रेंज नव्हती. साडेचार वाजले, पाच वाजले. वरून कशाबशा निसटून आलेल्या एका कारवाल्यानं सांगितलं की एका वळणावर ट्रक अडकला आहे, दोन्हीकडे रांगा आहेत.

"काहून लपवलं?" मी विचारलं.

ती घाटाकडे बघतच बोलली. "डॉक्टरनं गाडी बंद करायले सांगितलं. म्हटलं, एकदा जाऊन येतो, मग सोडतो. दवाखान्यात सांगितलं असतं तं आयसीयूतून काढलं असतं. पोरीची फी आहे, आई आहे." मग म्हणाली, "आज त्या बाईचं डोकं फुटलं असतं, मंजू. मी नर्स आहे वं."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तुले कधी समजलं?"

"पहिल्या दिवशी. थेंब टाकत होती तेव्हा."

"मग बोलली काहून नाही?"

त्या बाईच्या जखमेत माझाही वाटा होता. ते तेव्हाच कळलं, नाक्यावर बसून घड्याळ बघताना.

साडेपाच. सहाला बंद होणाऱ्या फाटकाकडे नाक्यावरचा माणूस खुर्चीतून उठून गेला. संगीतानं माझं मनगट धरलं. सहाला दहा कमी असताना झाडांमधून दिवा दिसला. कल्पना उतरली, हेल्मेट काढलं. "हत्ती पाह्यला," ती म्हणाली, "रस्त्याच्या कडीले उभा. मी थांबली, त्यानं पाह्यलं, गेला." आणि ती रडायला लागली.

संगीताची गाडी टेम्पोत घालून कोइम्बतूरला नेली आणि तिथून रेल्वे पार्सलनं नागपूरला पाठवली. तुमच्यावर वेळ आली तर: आरसीची प्रत जवळ ठेवा, टाकीतलं पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आणि पोत्यांनी बांधून देणारे स्टेशनवरच मिळतात. आम्ही परत फिरणार होतो. संगीतानं ऐकलं नाही. दोन गाड्यांवर तिघी मदुराईमार्गे कन्याकुमारीला गेलो, आळीपाळीनं तिला मागे बसवून. तिथे फोटो काढले. खरं सांगते, समुद्र कसा होता ते मला नीट आठवत नाही. मी सारखी ती कुठे पाय टाकते ते बघत होते.

परतीचे सहा दिवस आम्ही सावकाश आलो.

नागपूरला आल्यावर पुढच्या सोमवारी ती मला घेऊन दवाखान्यात गेली. मी बाहेर बाकावर बसले. वीस मिनिटांनी ती आली.

"ओपीडीत बसवून राहिले. रात्रपाळी बंद. पगार थोडा कमी होईल."

"चिडले का?"

"नाही. विचारलं, कधीपासून माहीत होतं. खरं सांगितलं."

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं आहे की गेलेलं परत येणार नाही, आहे ते औषधानं टिकवता येईल. गाडी तिनं विकायला काढली आहे.

आम्ही बाहेर आलो. धंतोलीतला तो रस्ता दुपारीही तुंबलेला असतो. ऑटो, ॲम्ब्युलन्स, फायली धरून फिरणारे नातेवाईक. ती फुटपाथच्या कडेला थांबली. तिचा हात धरावा का, याचा मी विचार करत होते. तिला राग येईल असं वाटत होतं.

"उभी काहून राहिली?" ती म्हणाली. "माह्या डावीकडं ये न वं."